कुमक येईपर्यंत

(दृश्य : कोलंबाईन हायस्कूल, कोलोरॅडो, अमेरिका. वरच्या मजल्याची खिडकी.)

२० एप्रिल १९९९. दोन विद्यार्थी बंदुका घेऊन आपल्याच शाळेवर चालून आले. पोलिस काही मिनिटांतच पोहोचले, पण बहुतेक जण बाहेरच थांबले. शाळेला वेढा पडला, रस्ते बंद झाले आणि 'स्वॉट' या विशेष पथकाची वाट पाहणं सुरू झालं.

त्यांना भित्रे ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. तेव्हाचं प्रशिक्षणच तसं होतं. घेराबंदी करा, बोलणी सुरू करा, कुमक येऊ द्या. हे नियम ओलीस धरणाऱ्यांसाठी बनले होते. ओलीस धरणाऱ्याला पैसे हवे असतात किंवा सुटका हवी असते, त्यामुळे वेळ काढला की जीव वाचतात. जो फक्त मारायलाच आलाय, त्याच्या बाबतीत मात्र वेळ काढला की जीव जातात.

आत विज्ञानाच्या वर्गात डेव्ह सँडर्स हे शिक्षक गोळ्या लागून पडले होते. मुलांनी अंगातले शर्ट काढून त्यांच्या जखमांवर दाबून धरले. खिडकीत एक पांढरा फळा टेकवला. त्यावर लिहिलं होतं : एक जण रक्तस्रावाने मरतोय. हल्लेखोरांनी पहिल्या तासाभरातच स्वतःला संपवलं होतं, पण बाहेर कोणालाच ते ठाऊक नव्हतं. सँडर्स यांच्यापर्यंत पथक पोहोचायला तीन तासांहून जास्त वेळ गेला. तोवर फार उशीर झाला होता.

(दृश्य : प्रशिक्षण केंद्र. मोकळ्या व्हरांड्यातून पुढे सरकणारे पोलिस.)

त्यानंतर नियम बदलला. २००२ मध्ये टेक्सासच्या सॅन मार्कोसमध्ये 'अलर्ट' नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. २०१३ मध्ये एफबीआयने तो देशभरासाठी प्रमाण मानला. त्याचं सार असं, की जो पोलिस आधी पोहोचेल, त्याने आत शिरायचं आणि गोळीबाराच्या आवाजाच्या दिशेने जायचं. वाटेत जखमी दिसले, त्यांनी हात पुढे केला, तरी थांबायचं नाही. आधी बंदूक थांबवायची. मग रक्त. माणूस म्हणून पोलिसाला याहून कठीण काही सांगता येईल, असं मला वाटत नाही.

आणि नियम पाठ असूनही पाय अडतात. २४ मे २०२२, टेक्सासमधलं युवाल्डी. एक बंदूकधारी तिथल्या प्राथमिक शाळेत घुसला. तिथल्या शाळेच्या पोलिसांनी दोनच महिने आधी याच नियमाचं प्रशिक्षण घेतलं होतं. हल्लेखोरापाठोपाठ तीन मिनिटांत ते व्हरांड्यात शिरलेही. आतून गोळ्या आल्या, ते मागे हटले आणि हल्लेखोर वर्गात नुसताच कोंडून बसलाय, असं त्यांनी धरलं. मग किल्ल्यांची शोधाशोध सुरू झाली. वर्गाचं दार बहुधा कुलूपबंद नव्हतंच. आतून एक लहान मुलगी दबक्या आवाजात फोनवर विनवत होती, पोलिसांना पाठवा. पोलिस दाराबाहेरच उभे होते. तब्बल ७७ मिनिटं. शेवटी तिथे ३७६ पोलिस आणि जवान जमा झाले होते. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या.

(दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, रात्र.)

मुंबईत उलट झालं होतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर रेल्वे पोलिसांकडे लाठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. आरपीएफचे झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी नुसत्या हातांनी पकडली. गोळ्या पोटात घेतल्या, पण नळी सोडली नाही. या दोघांनी कुमकेची वाट पाहिली नाही, पण हातात पुरेसं काही नव्हतं. मानेसरहून एनएसजीचे कमांडो येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

पुढे मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, राज्याचं 'फोर्स वन' हे कमांडो पथक उभं राहिलं. दोन्ही हवीतच. पण गर्दीच्या फलाटावर पहिली गोळी सुटेल, तेव्हा जवळ असेल तो ड्युटीवरचा शिपाई. त्याला चांगलं हत्यार, अंगावर बुलेटप्रूफ जाकीट, वर्षभर नेमाने गोळीबाराचा सराव आणि जखम आवळायला पट्टा मिळायलाच हवा. विशेष पथकाच्या खर्चाइतकाच आग्रह या खर्चाचाही धरला पाहिजे.