मांडणीतली ताटं आणि रात्री दहानंतरचं गाणं

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘शहराची रात्र, गाणं आणि झोप’ असा छापलाय. यातल्या तिन्ही गोष्टी मला सारख्याच प्रिय आहेत. चाळीस वर्षं साउंडचा धंदा केला. भोंग्यांपासून सुरुवात केली. तुळजापूरच्या वाटेवरचे गोंधळ, नाथषष्ठीतली भारुडं, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली, सगळीकडं माइक लावले. त्यामुळं गाणाऱ्याचं दुःखही ठाऊक आहे आणि शेजारच्या घरातलंही.

मुद्द्याआधी एक किस्सा सांगतो. जरा लांबेल, पण तो सांगितल्याशिवाय मुद्दा पोचणार नाही.

आपल्या संभाजीनगरात निराला बाजारच्या मागच्या गल्लीत एका हॉटेलच्या गच्चीवर दर शनिवारी गझलेचा कार्यक्रम सुरू झाला. संध्याकाळी आठ ते दहा. गायिका, हार्मोनियम, तबला आणि साउंड माझा. तिसऱ्या शनिवारी नऊ वाजता पोलीस आले. मागच्या इमारतीतल्या एका आजींनी तक्रार केली होती. शिपायाने त्यांच्या खिडकीत मीटर धरला, ५८ डेसिबल आलं. व्यापारी भागाची दिवसाची मर्यादा ६५, आणि नियमात रात्र धरतात दहापासून. कागदावर सगळं ठीक होतं. शिपाई म्हणाला, चालू द्या.

मला मात्र चैन पडेना. पोराला मिक्सरवर बसवलं आणि आजींच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, “ये, स्वयंपाकघरात ये.” भिंतीवर स्टीलची मांडणी होती, तिच्यात ताटं उभी. डग्ग्यावर थाप पडली की ताटं किणकिणत होती. मी भिंतीला तळहात लावला तर भिंत हातात धडधडत होती. गायिकेचा एक शब्द ऐकू येत नव्हता. आजी म्हणाल्या, “लेकरा, मला बी गाणं आवडतं. पर गाणं येतच न्हाई इकडं. नुसतं धप्प धप्प येतंय. कानात न्हाई, छातीत येतंय.”

मंडळी, चाळीस वर्षांच्या धंद्यात इतकं नेमकं निदान मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. मीटर खोटं बोलत नव्हता, पण तो ‘ए’ मापाने मोजतो. आपले नियमही त्याच मापात लिहिलेले आहेत. त्या मापात खालचे स्वर जवळजवळ वगळले जातात. ५० हर्ट्झला, म्हणजे अगदी खालच्या स्वराला, तब्बल ३० डेसिबलची सूट मिळते. आणि ५० हर्ट्झची लाट सात मीटर लांब असते, तिला वीटभिंत काय अडवणार? तारस्वर भिंतीपाशी थांबतो, बेस आरपार जातो.

परत येऊन बेसच्या पेट्या स्लॅबवरून उचलल्या. खाली जाड रबर घातलं, तोंडं आतल्या बाजूला वळवली आणि ९० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. डग्ग्याची घुमक थोडी पातळ झाली, तबलजी नाराज झाला. पण आजींची ताटं गप्प झाली. पुढच्या शनिवारी त्या खिडकीत खुर्ची टाकून बसल्या आणि मध्यंतरात वरून फर्माईशही आली. असे आठ शनिवार झाले.

नवव्या शनिवारी हॉटेलवाल्याने डीजे आणला. आठ मोठ्या पेट्या आणल्या, अकरा वाजून गेले तरी बंद केल्या नाहीत. लोक रस्त्यावर उतरले आणि गच्चीवरचं संगीत सरसकट बंद झालं. डीजेबरोबर गझलही गेली. तबला वाजवणारं ते पोरगं आता दिवसा घरपोच जेवण पोचवतं. हे मला आजही सलतं. गायिकेचा काय गुन्हा होता? आणि आजींना तर उलट त्यांचा शनिवारच हिरावला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग भरभर सांगतो.

सन २००० चे ध्वनिप्रदूषण नियम मला मान्य आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नको. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झोपेच्या बाजूने जे ठामपणे सांगितलं, तेही मान्य. पण मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग. दहाला माइक बंद झाला तर ते गायचे कधी? वाट त्याच नियमांत आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्यापुरता ध्वनिक्षेपक दहानंतरही चालतो. म्हणून संत एकनाथ रंगमंदिरासारख्या जागांना दुहेरी दारं आणि आवाज अडवणाऱ्या भिंती करा, म्हणजे शहराच्या मधोमध रात्रभर गाता येईल.

दुसरं, हॉटेलला परवानगी देताना बेस वेगळा मोजा, आणि तो शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन मोजा. ॲम्प्लिफायरला मर्यादेवर आवाज रोखणारं यंत्र बसवून सील करा.

तिसरं, जो नंतर येईल त्यानं तजवीज करावी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नगररचनेत हे तत्त्व आणलं. जुन्या रंगमंचाशेजारी नवे फ्लॅट बांधले, तर दुहेरी काचांचा खर्च बिल्डरचा. जुन्या वस्तीत नवं हॉटेल आलं, तर भिंतीचा खर्च हॉटेलवाल्याचा. आजी तिथं आधीपासून होत्या.

चौथं, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. ते सगळे मिरवणुकांच्या पेट्यांना जाऊ नयेत. त्यातले दोन दिवस डीजेविना, वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसांना द्या. जिल्हाधिकाऱ्यांना तसा अर्ज लिहिलाय, दाराशी ठेवलाय. जाताना सही करा.

दुसरी चिठ्ठी आली. दहाला अजून पंचवीस मिनिटं आहेत आणि ते तबल्याचं पोरगं मागच्या रांगेत बसलंय, तबला घेऊन आलंय. ये रे पुढं. अरे, तो माइक काढ. पंखेही बंद करा थोडा वेळ.