चारचौघांची भीती

शिक्षक मंडळी समोर आहेत, तेव्हा हजेरीपासूनच सुरुवात करतो. वर्गात एक 47 नंबरचा मुलगा असतो. हजेरी तिसाच्या आसपास आली की त्याच्या छातीत धडधडायला लागतं. ‘येस सर’ मनातल्या मनात घोकत बसतो. आवाज चिरकला तर? सगळे वळून बघतील! आणि आपला शेरा तयार असतो: घुमा आहे.

लाजणं वेगळं. लाजाळू मूल थोडा वेळ आईच्या पदराआड राहतं, मग खेळायला पळतं. लोक आपल्याला जोखताहेत, आपलं हसं होणार, ही भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकते, शिक्षण-नोकरी-नाती अडवून धरते, तेव्हा आम्ही डॉक्टर त्याला सामाजिक चिंता विकार म्हणतो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसूचीत तो 1980 साली ‘सोशल फोबिया’ म्हणून आला. सुरुवात बहुधा किशोरवयात, म्हणजे तुमच्याच वर्गात.

पुढे ही मुलं मोठी होतात. फोन वाजून वाजून बंद होतो, मग मेसेज जातो, ‘मीटिंगमध्ये होतो, बोला’. इंटरव्ह्यूच्या दिवशी नेमकं पोट बिघडतं (खरंच बिघडतं हो, सोंग नसतं). काहींना दोन पेग घेतल्याशिवाय समारंभाला जाववत नाही, आणि त्यातून व्यसन मागे लागतं. पाहुण्यांकडे गेले की म्हणतात, ‘मला अर्धाच कप.’ हात थरथरून सांडायला नको म्हणून.

या अर्ध्या कपात सगळा आजार आहे. चहा सांडला नाही, पण श्रेय जातं अर्ध्या कपाला. भरलेलाही कदाचित सांडला नसता, हे कळायची सोयच उरत नाही. शिवाय सगळं लक्ष स्वतःच्या हाताकडे, त्यामुळे उत्तरं तुटक येतात आणि यजमानांना वाटतं, शिष्टच दिसतो! रात्री अंथरुणात त्या पंधरा मिनिटांची उजळणी. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये हे चक्र मांडलं. उपचार त्यालाच छेद देतात. भरलेला कप घ्यायचा, लक्ष समोरच्याच्या बोलण्याकडे ठेवायचं. पुढे कधी मुद्दाम थोडा सांडायचाही. बहुतेक वेळा कुणीतरी फडकं आणून देतं, एवढंच होतं. गरज पडली तर सर्ट्रालीनसारखी औषधं देतो. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती मनाने बंद करायची नसतात.

आता तुमच्याकडे येतो. ‘भीड चेपेल’ म्हणून अशा मुलाला गॅदरिंगच्या स्टेजवर ढकलू नका. पण कीव येऊन तोंडी परीक्षाही माफ करू नका, तोही अर्धा कपच. आधी एका मित्रासमोर वाचू दे, मग चौघांसमोर, मग वर्गात. त्याने भागलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. फक्त ज्याला फोनचीच धास्ती, त्याच्या हातात नंबर देऊन मोकळे होऊ नका. पहिला फोन त्याच्याशेजारी बसून लावून द्या.