दहा मिलिलिटर रक्तात काय सापडते?

(दृश्य: सदाशिव पेठेतील एक रक्तसंकलन केंद्र, सकाळी सात वाजता)

रिकाम्या पोटी आलेल्या मंडळींची रांग दाराबाहेर गेली आहे. कोणाला साखर तपासायची आहे, कोणाला थायरॉईड. अलीकडे मात्र खिडकीपाशी आणखी एक प्रश्न ऐकू येऊ लागला आहे: "रक्तावरून कॅन्सर कळतो म्हणे, ती तपासणी इथे होते का?" हा निवेदनपट त्यातल्या एकाच भागापुरता आहे. मूत्रमार्गाचा कर्करोग रक्तातून लवकर ओळखता येतो का, एवढेच आपण पाहणार आहोत.

मूत्रपिंडात लघवी जिथे गोळा होते त्या पोकळीपासून मूत्रवाहिनी आणि मूत्राशयापर्यंत एकाच प्रकारचे अस्तर असते, आणि या अस्तरातून उद्भवणारे बहुतेक कर्करोग मूत्राशयात होतात. कारणही उघड आहे. शरीराने गाळून बाहेर टाकलेली विषारी द्रव्ये तिथे तासन्‌तास साठून राहतात. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये हा आजार आढळत असल्याचे नोंदवले होते. आज सर्वांत मोठे कारण सिगारेट आणि बिडी हे आहे. ओढलेला धूर फुप्फुसात जातो हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यातील घातक रसायने रक्तावाटे लघवीत उतरतात, हे फार थोड्यांना माहीत असते.

या आजाराची पहिली खूण बहुधा लघवीतून जाणारे रक्त ही असते, आणि अडचण अशी की त्या वेळी बहुतेकदा काहीच दुखत नाही. रक्त एक-दोन दिवस दिसते आणि आपोआप थांबते. घरात कोणीतरी म्हणते, उन्हाळी लागली असेल, धन्या-जिऱ्याचे पाणी घ्या. कोणी आदल्या दिवशीच्या बीटच्या कोशिंबिरीला दोष देते (बीटने लघवी लाल होते हे खरेच आहे). पुढे रक्त पुन्हा दिसेपर्यंत कित्येक महिने निघून गेलेले असतात.

(दृश्य: प्रयोगशाळा, अपकेंद्रण यंत्राचा जवळून आवाज)

आता रक्ताकडे वळू. मांदेल आणि मेतेस या दोन फ्रेंच संशोधकांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की रक्तद्रवात (प्लाझ्मात) पेशींच्या बाहेरही डीएनए तरंगत असतो. मरणाऱ्या पेशी आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात आणि कर्करोगाच्या पेशीही त्याला अपवाद नाहीत. गाठीतून आलेला तुकडा निरोगी पेशीच्या तुकड्यापासून वेगळा ओळखायचा, कधी त्यातील जनुकीय बदलावरून, तर कधी डीएनएवर बसलेल्या मिथाइल गटांच्या, म्हणजे लहान रासायनिक खुणांच्या, ठेवणीवरून, हे या चाचण्यांचे तत्त्व आहे.

तंत्रज्ञाच्या हातातील ही नळी नेहमीची नाही. रक्त साध्या नळीत बराच वेळ राहिले तर पांढऱ्या पेशी फुटतात, आणि त्यांच्या डीएनएच्या पुरात गाठीचा तुकडा हरवून जातो. म्हणून एक तर पेशी टिकवून धरणारे द्रव्य घातलेली नळी वापरावी लागते, किंवा काही तासांत रक्तद्रव वेगळा करावा लागतो.

खरी मर्यादा मात्र यंत्रात नाही. दहा मिलिलिटर रक्तातून साधारण चार मिलिलिटर रक्तद्रव मिळतो. निरोगी माणसाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये पाच नॅनोग्रॅम डीएनए धरला, तर एकूण वीस नॅनोग्रॅम होतात, म्हणजे मानवी जनुकसंचाच्या (माणसाच्या संपूर्ण डीएनए-संचाच्या) सुमारे सहा हजार प्रती. गाठ अगदी लहान असताना दहा हजार प्रतींमागे तिची एकच प्रत असेल, तर शोधायचा तो विशिष्ट तुकडा या नळीत निम्म्याहून अधिक वेळा आलेलाच नसेल. जे नळीत आलेच नाही ते कितीही महागडे यंत्र वाचू शकत नाही. मिथाइल गटांच्या चाचण्या एकाच वेळी हजारो जागा पाहून ही उणीव काही अंशी भरून काढतात, पण पूर्णपणे नाही. पन्नासहून अधिक प्रकारचे कर्करोग ओळखू पाहणाऱ्या अशाच एका चाचणीचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिने चौथ्या टप्प्यातील ९०.१ टक्के रुग्ण ओळखले, पहिल्या टप्प्यातील मात्र केवळ १६.८ टक्के.

याच अभ्यासात कर्करोग नसलेल्यांपैकी ९९.५ टक्के लोकांचा अहवाल बरोबर आला. हा आकडा भारदस्त वाटतो, पण एक लाख निरोगी पुणेकरांची तपासणी केली तर पाचशे जणांना उगाच घोर लागेल. त्यांच्यापैकी ज्यांच्या अहवालात मूत्राशयाकडे बोट दाखवलेले असेल, त्यांच्या वाट्याला मूत्राशयात दुर्बीण घालून करायची तपासणी येईल. आमच्या मते याहून मोठा धोका उलट बाजूचा आहे: लघवीतून रक्त गेलेला माणूस "रक्ताचा रिपोर्ट चांगला आला" म्हणून घरी बसला, तर चाचणीने त्याचे नुकसानच केले.

मूत्राशयाच्या बाबतीत लघवी हीच अधिक जवळची साक्षीदार आहे, कारण ती गाठीला थेट स्पर्श करत असते. पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी १९४५ मध्येच लघवीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करण्याची पद्धत मांडली. आक्रमक गाठी तिच्यात बऱ्यापैकी सापडतात, सौम्य गाठी अनेकदा निसटतात. म्हणूनच लघवीतून रक्त गेल्यावर युरोसर्जन सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करायला सांगतात, आणि वय व धूम्रपान पाहून मूत्राशयात दुर्बीण घालतात. प्रक्रिया काही मिनिटांची असते आणि बहुतेकदा जागा बधिर करून भागते, तरी रुग्ण तिच्याच नावाने सर्वाधिक कचरतात.

(दृश्य: रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग)

रक्तचाचणीला खरे बळ मिळाले आहे ते शस्त्रक्रियेनंतर. मूत्राशय काढलेल्या रुग्णाची गाठ हाताशी असते, तिचे जनुकीय बदल आधीच वाचता येतात, आणि मग रक्तात नेमके काय शोधायचे हे ठाऊक असते. शस्त्रक्रियेनंतर असे तुकडे रक्तात सापडलेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण खूप जास्त असते, हे २०२१ च्या एका अभ्यासातून दिसून आले. मूत्राशय शाबूत ठेवून वरवरची गाठ खरवडून काढलेल्यांना मात्र ही नळी दुर्बिणीपासून सूट देत नाही. त्यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी पहिल्या दुर्बीण तपासणीला जायचे असते, आणि पुढच्या तारखा गाठीचा प्रकार पाहून डॉक्टर ठरवतात.