गहू सोडण्याआधी डॉक्टर गाठा

पोळी खाल्ली की पोट फुगतं, जुलाब लागतात, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, पोराची उंची खुंटते. अशा वेळी मराठवाड्यातलं घर बहुधा गहू बंद करून निव्वळ ज्वारीवर येतं. बरं वाटतं. मग कधीतरी डॉक्टरांकडे जाणं होतं, आणि घोटाळा होतो तो इथेच.

अशा त्रासामागे सीलिएक आजार असू शकतो. त्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्यासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात. ग्लुटेनमुळे शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं ती मोजते. गहू सुटला की ती ओसरतात, आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं, आणि आजार असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. म्हणून तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान ६ आठवडे रोज, एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात पोळी खाऊन मग रक्त द्या. गहू खाताच अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, धाप लागत असेल, तर मात्र हे अजिबात करू नका. ती गव्हाची ॲलर्जी असू शकते आणि तिच्या तपासण्या वेगळ्या असतात.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी आणि पोळी फक्त सणावाराला, तिथे गहू न सोडताही तपासणी फसू शकते. ‘सगळं खातो’ असं मोघम सांगू नका. दोन आठवडे वहीत लिहा: कोणत्या दिवशी किती पोळ्या, धपाट्यात गव्हाचं पीठ होतं का, त्रास किती तासांनी झाला. तेवढं एक पान पुरे. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टर तेच आधी वाचतील.

पाठीशी उभा राहणारा डॉक्टर म्हणजे लगेच ‘गहू बंद करा’ म्हणणारा नव्हे. तो टीटीजीबरोबर टोटल आयजीए लिहून देतो, कारण काहींच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंडच कमी असतं आणि मग निगेटिव्ह अहवालाला अर्थ उरत नाही. ही रक्ततपासणी गावातला एमडी किंवा बालरोगतज्ज्ञही लिहून देऊ शकतो. ती पॉझिटिव्ह आली की पोटविकारतज्ज्ञ गाठायचा. लातूर, नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडावाटे नळी घालून आतडं पाहण्याची, सोय कोणत्या वारी असते, हे विचारूनच निघा. बायोप्सीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, आतड्याच्या अस्तराचे तुकडे किती घेणार, हेही आधी विचारा. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून १-२ आणि त्यापुढच्या भागातून किमान ४ घ्यावे लागतात, कारण इजा सलग नसते, मध्येमध्ये असते.

‘टेन्शन घेता तुम्ही’ म्हणून कोणी बोळवण केली, तर शांतपणे विचारा: ‘डॉक्टरसाहेब, सीलिएक नाही हे कोणत्या तपासणीवरून ठरवलं?’ या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्या तपासण्या नीट होऊन निगेटिव्ह आल्या तरी गव्हाचा त्रास खरा असू शकतो. त्याला वेगळी रक्तचाचणी नाही. काही आठवडे गहू बंद ठेवायचा, पुन्हा सुरू करून पाहायचा, आणि हे डॉक्टरांच्या नजरेखाली करायचं.

निदान पक्कं झालं की पथ्य जन्माचं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यायचं. आईवडील, भावंडं, मुलं यांचीही टीटीजी करायची. साधारण ६ महिन्यांनी पुन्हा टीटीजी होते. आकडा उतरत नसेल, तर चांगला डॉक्टर आधी विचारतो, ‘दळण कुठे दळता?’ गिरणीत गव्हामागून ज्वारी पडली, की जात्याच्या दगडांत अडकलेलं गव्हाचं पीठ तुमच्याच डब्यात उतरतं. ज्वारीसाठी घरची वेगळी चक्की असेल तर उत्तम. फोडणीच्या हिंगाची डबीही उलटून वाचा, बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं.