खोकला सुरू होण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाचा कफ पुष्कळदा हिरवट असतो. तो रंग जंतूंचा, असं आपण धरून चालतो. खरं तर त्यातला बराचसा आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. न्यूट्रोफिल या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरव्या रंगाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. असंख्य न्यूट्रोफिल मरून पडले, की कफ हिरवा होतो.

हा आजार जन्मजात आहे. सीटीएफआर या जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आली, तर तो होतो. मिठातला एक घटक असलेल्या क्लोराइडची पेशींतली ये-जा बिघडते आणि श्वासनलिकांतला स्राव घट्ट, चिकट बनतो. त्यात जंतू ठाण मांडतात. आधी स्टॅफिलोकॉकस किंवा हिमोफिलस, पुढे चिवट स्यूडोमोनास. त्यांना मारायला न्यूट्रोफिल झुंडीनं येतात, पण जंतू हटत नाहीत आणि न्यूट्रोफिलही यायचे थांबत नाहीत. त्यांच्यातून इलॅस्टेज नावाचं विकर बाहेर सांडतं. निरोगी फुप्फुसात त्याला आवरणारी प्रथिनं असतात, इथे ती पुरी पडत नाहीत. मग हे इलॅस्टेज श्वासनलिकेच्या भिंतीतले लवचिक तंतूच कुरतडतं. नळ्या कायमच्या रुंदावतात, त्यात आणखी कफ साठतो.

हे किती लवकर घडतं? ऑस्ट्रेलियात जन्मतःच निदान झालेल्या बाळांची फुप्फुसं तिसऱ्या महिन्यापासून तपासली गेली. फुप्फुसात थोडं मिठाचं पाणी सोडून परत ओढून घेतलं, सीटी स्कॅनही केले. 2013 साली निष्कर्ष आले. तीन महिन्यांच्या बाळाच्या त्या पाण्यात मोकळं इलॅस्टेज सापडलं असेल, तर पुढे तीन वर्षांपर्यंत नळ्या रुंदावलेल्या आढळण्याचा धोका कितीतरी जास्त होता. यातल्या अनेक बाळांना वरवर काहीच त्रास नव्हता. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

आपल्याकडे प्रत्येक नवजात बाळाची या आजारासाठी तपासणी होत नाही. मूल वारंवार न्यूमोनियानं आजारी पडतं, टीबी किंवा दम्याचे उपचार होतात, आणि खरं निदान लांबतं. म्हणून आईवडिलांना आणि आजीआजोबांनाही कळकळीनं सांगतो: बाळाचा पापा घेताना ओठांना खारट लागत असेल, भूक चांगली असूनही वजन वाढत नसेल, शी तेलकट आणि फार दुर्गंधी होत असेल, छातीचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना घामाच्या चाचणीबद्दल विचारा. चालू औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका. या चाचणीत सुई टोचत नाहीत. हातावर औषध लावून, अगदी सौम्य विद्युतप्रवाह देऊन घाम आणतात आणि तो गोळा करतात. त्यात क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा जास्त निघालं, तर हा आजार असण्याची शक्यता दाट असते. मग जनुकांची तपासणी करतात, आणि छातीची फिजिओथेरपी, वाफाऱ्याची औषधं, पचनाची विकरं हे सगळं लगेच सुरू करता येतं.