टेलचं पाणी

[दृश्य: कॅथलॅबचा, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीतला पडदा. राखाडी पटावर काळ्या रेषा उमटतात, विरतात.]

मनगटातून आत गेलेल्या नळीनं डाय, म्हणजे एक्स-रेवर उमटणारा द्रव, सोडली आणि धडधडत्या हृदयावर काळ्या फांद्या फुटल्या. दोन-तीन सेकंदांत पुसल्याही गेल्या. ब्लॉकेज कुठेच नाही. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला निरोप जातो, "आईचं सगळं नॉर्मल आहे. गॅस असेल."

आणि चार दिवसांनी आई पुन्हा जिन्यात, छातीवर हात धरून, कठड्याला टेकलेली.

अँजिओग्राफी खोटं बोलली नाही. पण साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या तिला दिसतच नाहीत. कालवा तुडुंब वाहतोय म्हणून टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी मिळालं, असं आपल्याकडे कुणी म्हणेल का?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिनी. तांबड्या पेशी एकामागोमाग एक, अंग चोरून सरकताहेत.]

हृदयाची एक अडचण आहे. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही त्याचा स्नायू आलेल्या रक्तातला जवळजवळ पाऊण हिस्सा ऑक्सिजन काढून घेतो. म्हणजे जिना चढताना जादा ऑक्सिजन हवा, तर जादा रक्तच यायला हवं. निरोगी हृदयात ते चौपट-पाचपट वाढतं. या पाण्याच्या चाव्या मोठ्या धमन्यांकडे नाहीत, या बारीक वाहिन्यांकडे आहेत.

त्या सैल कशा होतात, याचा धागा ब्रुकलिनमधल्या एका प्रयोगशाळेत सापडला. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे तपासत होते. ॲसिटिलकोलीन हे रसायन घातलं की तुकडा कधी आवळायचा, तर कधी चक्क सैल पडायचा. घोळ निघाला कापण्यात! हाताळताना आतलं अस्तर घासलं गेलं, की तुकडा आवळायचा; अस्तर शाबूत असलं, की सैल. जेमतेम एका पेशीच्या जाडीचं ते अस्तर. १९८० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अस्तरातून सुटणारा तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे कळलं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

मधुमेह, वाढलेलं बीपी, सिगारेट. तिन्ही याच अस्तराच्या मुळावर येतात.

[दृश्य: पुन्हा कॅथलॅब. तोच पडदा, त्याच रेषा.]

या वेळी धमनीत एक तार सरकवली आहे, टोकाला सेन्सर असलेली. ॲडेनोसीन, म्हणजे बारीक वाहिन्या सैल करणारं औषध, सुरू होतं. मिनिटभर छाती जड होते, चेहरा तापतो. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय, घाबरू नका. औषधानं प्रवाह किती पट वाढला, तेवढंच मोजायचं.

दुप्पटसुद्धा नाही.

याला नाव आहे, मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना; बारीक वाहिन्यांमुळे होणारं छातीचं दुखणं. बायकांमध्ये तो जास्त आढळतो, आणि 'टेन्शन घेऊ नका' हे उत्तरही बहुधा त्यांनाच जास्त मिळतं. इथे स्टेंट घालायला जागाच नाही. चिठ्ठीवर गोळ्या येतात, साखर आणि बीपीचे आकडे येतात, रोजचं चालणं येतं.

आई फाईल मागून घेते. 'गॅस' लिहिलेला जुना कागद आधी बाहेर काढते.