किती गुणी बाळ!

मूल रडत नाही, हट्ट करत नाही, कुणीही उचललं तरी जातं. आपण लगेच म्हणतो, ‘किती गुणी बाळ!’ पण दुर्लक्षात किंवा भीतीत वाढलेलं मूलही असंच शांत दिसतं. म्हणून या कौतुकाशी माझं जुनं भांडण आहे आणि आज तुम्ही तावडीत सापडला आहात. (हशा)

रोमानियात काय झालं ते बघा. डिसेंबर १९८९मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता कोसळली आणि तिथली अनाथालयं जगाला दिसली. ओळीने पाळणे, पाळण्यांत तान्ही मुलं, आणि रडण्याचा आवाज नाही! कुणीतरी येईल म्हणून बाळ रडतं. कुणी येतच नाही हे कळलं की ते रडणंच सोडून देतं. दूध, लंगोट ठरल्या वेळी, पण डोळ्यांत बघून बोलणारं माणूस नाही. मुलं तासन्‌तास स्वतःलाच डोलवत बसायची. आणि यातली कितीतरी अनाथ नव्हतीच हो! १९६६मध्ये गर्भपातावर बंदी आली, पोसायची ऐपत नव्हती, म्हणून आईबापांनी ती संस्थेत ठेवली. हा आजचा विषय नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२०००च्या सुमारास रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी संस्थांमधली १३६ मुलं अभ्यासाला घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी त्यांना घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे सोपवली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांचे मेंदूतले विद्युतलहरींचे आलेख आठव्या वर्षी घरात वाढलेल्या मुलांसारखेच दिसले. उशिरा गेलेल्यांचे तसे दिसले नाहीत. फायदा त्यांनाही झाला, हे विसरू नका.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, म्हणून मेंदूचं भराभर सांगतो. सततच्या भीतीत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहतं. काही मुलांत पुढे उलट फारच मंदावतं. मेंदूतला धोका हेरणारा भाग, अमिग्डला, जरा कशानेही पेटतो. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तसाही पंचविशीपर्यंत घडत असतो, तो मागे पडतो. बाक जोरात सरकला की एखादं मूल हात उगारतं आणि दुसरं गोठून बसतं. दुसऱ्याला आपण शहाणं म्हणतो!

घरी जाऊन प्रत्येक शांत बाळावर शंका घेऊ नका. स्वभावाने शांत असलेलं मूलही लागलं, खुपलं की आपल्या माणसाकडे धावतं. जे कुणाकडेच जात नाही किंवा कुणाच्याही गळ्यात पडतं, त्याच्याकडे नीट बघा.

मग अशा मुलांसाठी करायचं काय? रोज तेच माणूस, त्याच वेळा. हात लावण्याआधी सांगायचं, बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. चिडलेल्या मुलाला उपदेश नको. आधी आपला आवाज खाली आणायचा, बोलणं मागाहून. उपचाराला मुलाला एकट्याला बसवू नका, सांभाळणाऱ्यालाही सोबत बसवा. आणि तो सांभाळणारा स्वतःच रात्र-रात्र जागत असेल, तर आधी त्याच्या झोपेची सोय करा. हां, विचारा प्रश्न.